सांधेदुखीमागे लपलेले जंतू: पुरावा कुठे आहे आणि नुसता संशय कुठे?

निशिगंधा_प | शनिवार, सकाळी १०:४०

माझ्या धाकट्या दिरांचा उजवा गुडघा गेल्या पावसाळ्यात अचानक सुजला. पडणं नाही, लागणं नाही. मागोमाग डावा घोटा आणि मग टाच. सकाळी पलंगावरून उतरताना टाच जमिनीला टेकवता येईना. युरिक अ‍ॅसिड तपासलं, ते जेमतेम काठावर निघालं. लगेच गोळ्या सुरू झाल्या आणि घरातल्या डाळी बंद झाल्या. सूज होती तिथेच.

शेवटी संधिवाततज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गुडघ्याला हात लावायच्या आधीच विचारलं, "महिन्याभरात जुलाब झाले होते का? लघवीला जळजळ? डोळे लाल?" जुलाब झाले होते. एका बारशाच्या जेवणानंतर घरातल्या निम्म्या माणसांना झाले होते आणि दोन दिवसांत थांबलेही होते. त्या जेवणाचा गुडघ्याशी संबंध असेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

निदान झालं रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, यर्सिनिया ही मंडळी रोजच्या ओळखीची. पण पोट बरं झाल्यावर एक ते चार आठवड्यांनी हेच जंतू सांधे सुजवू शकतात, हे घरातल्या माणसाच्या बाबतीत पाहिल्यावर मी झपाटल्यासारखी वाचत सुटले. लैंगिक संबंधातून पसरणारा क्लॅमिडिया हा जंतूही हेच करतो. त्याची तर अनेकांना लागण झाल्याचीही जाणीव नसते.

पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, हगवण लागून गेलेल्या सैनिकांमध्ये सांधे, डोळे आणि मूत्रमार्ग एकदम सुजल्याचं फ्रेंच आणि जर्मन डॉक्टरांनी वेगवेगळं नोंदवलं. जर्मन डॉक्टर हान्स रायटर यांचं नाव या आजाराला चिकटलं. पुढे ते नाझी राजवटीतले बडे आरोग्य अधिकारी झाले आणि छळछावणीतल्या कैद्यांवरच्या प्रयोगांशी त्यांचा संबंध होता, म्हणून वैद्यकाने ते नाव टाकून दिलं. योग्यच केलं. १९४४ मध्ये फिनलंडमध्ये युद्धाच्या धामधुमीत शिगेलाची मोठी साथ आली. सुमारे दीड लाख लोकांना हगवण झाली आणि त्यांच्यापैकी ३४४ जणांना हा सांध्यांचा आजार झाला. म्हणजे जंतू एकच, पण सांधे धरले ते हजारात दोघा-तिघांचे. बाकीच्यांचे का नाही? याचं अर्धं उत्तर १९७३ साली मिळालं, एचएलए बी२७ या जनुकाच्या रूपात. ते ज्यांच्यात असतं त्यांना धोका जास्त. पण बी२७ असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही, त्यामुळे तो रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून कुणी धास्ती घेऊ नये.

धागा काढण्याचं कारण वेगळं आहे. या वाचनात मला दोन टोकं दिसली. एकीकडे ज्यांच्या सांधेदुखीमागे खरोखर जंतू आहे, पण कुणी विचारलंच नाही म्हणून वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खाणारे लोक. दुसरीकडे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात), पक्का असूनही "मुळाशी जंतू आहे, अँटिबायोटिकने मुळासकट जाईल" या आशेवर खरी औषधं सोडून देणारे. दोघांचंही नुकसान होतं. माझं मत असं की जंतू शोधायलाच हवा, पण तो कुठे सापडण्यासारखा आहे हे माहीत करून घेऊन शोधावा. तुमचे अनुभव लिहा. जाणकारांनी जरूर भर घालावी.

शंकासुर | शनिवार, दुपारी १२:०५

चांगला धागा. एक सरळ प्रश्न. जंतूमुळे आजार झाला, तर जंतू मारल्यावर आजार जायला हवा. मग दिरांना अँटिबायोटिक देऊन का बरं केलं नाही?

निशिगंधा_प | शनिवार, दुपारी १:३०

शंकासुर, याच प्रश्नावर संशोधकांची कित्येक वर्षं गेली आहेत.

सांध्यात जंतू स्वतः घुसून पू करतो तो सेप्टिक आर्थ्रायटिस. तिथे सांध्यातलं पाणी प्रयोगशाळेत वाढवलं की जंतू उगवतो. ती तातडीची बाब असते. एकच सांधा लालभडक, गरम, हलवला की जीव जातो आणि सोबत ताप, असं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. सांध्यातलं कूर्च (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) काही दिवसांत खलास होऊ शकतं.

रिअ‍ॅक्टिव्हमध्ये सांध्यातलं पाणी वाढवलं तर काहीच उगवत नाही. दिरांचं पाणी काढलं तेव्हा मी तिथेच होते. निरोगी सांध्यातलं पाणी पारदर्शक आणि अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखं चिकट असतं, सुईतून लांब तार धरतं. यांचं गढूळ पिवळं होतं आणि पाण्यासारखं थेंबथेंब पडत होतं. सूज भरपूर, पांढऱ्या पेशी भरपूर, पण जंतू नाही. १९८९-९० च्या सुमारास फिनलंडच्या संशोधकांनी अशाच रुग्णांच्या सांध्यातल्या पेशींमध्ये यर्सिनिया आणि साल्मोनेलाच्या कवचाचे तुकडे दाखवले. जिवंत जंतू नव्हता, त्याचे अवशेष होते आणि प्रतिकारशक्ती त्यांच्याशीच लढत होती. मेलेल्याला अँटिबायोटिक काय मारणार? म्हणून पोटातून आलेल्या प्रकारात सूज उतरवणारी औषधं देतात आणि बहुतेक जण सहा महिने ते वर्षभरात बरे होतात. काहींचा मात्र रेंगाळतो.

क्लॅमिडियाची गोष्ट निराळी. तो सांध्याच्या अस्तरातल्या पेशींमध्ये जिवंत, पण सुस्त पडून राहू शकतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अशा जुनाट रुग्णांना सहा महिने दोन-दोन अँटिबायोटिक एकत्र दिली. औषध घेतलेल्या २७ पैकी १७ जणांना फायदा झाला, खोट्या गोळीवरच्या १५ पैकी तिघांना. आकडे आशा वाटावी असे आहेत, पण माणसं थोडी होती. शिवाय त्यात रिफाम्पिसिन होतं. आपल्याकडे ते टीबीचं मुख्य औषध आहे, ते सांध्यांसाठी मनाने सुरू करणं धोक्याचं आहे.

वारणाकाठ | शनिवार, रात्री ९:१५

मी पशुवैद्यक आहे. धाग्यात ब्रुसेला, म्हणजे गुरांना गाभडायला लावणारा जंतू, अजून आला नाही, म्हणून लिहितो.

आमच्या भागात घराघरात म्हशी, संकरित गाई. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, वार अडकली, की मालक बाह्या सरसावतो आणि उघड्या हाताने वार ओढतो. मी कितीदा सांगितलं असेल की हातमोजे घाला. त्या वारेत आणि गर्भजलात ब्रुसेलाचे कोट्यवधी जंतू असतात. हाताला वैरणीने कापलेलं असतंच. नाहीतर कच्चं दूध, कच्चा चीक, शेळीचं धारोष्ण दूध "ताकदीला चांगलं" म्हणून पोरांना पाजतात.

मग काही आठवड्यांनी त्या माणसाला ताप येतो, जातो, परत येतो. रात्री घामाने अंथरूण भिजतं. कंबर धरते, माकडहाडाच्या वरचा सांधा दुखतो, कुणाचा खुबा तर कुणाचा गुडघा सुजतो. गावात कुणी मणक्याची झीज म्हणतं, कुणी टायफॉइडचं सलाईन लावतं, कुणी स्टिरॉइडचं इंजेक्शन देतं. स्टिरॉइडने चार दिवस बरं वाटतं. एका तरुणाच्या कमरेच्या एमआरआयवर सूज दिसली म्हणून त्याला बांबू स्पाइन (मणके आखडवणारा संधिवात) सांगितलं होतं. तो प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या बायोलॉजिक इंजेक्शनपर्यंत पोहोचला होता. त्याच्या गोठ्यात वर्षभरात तीन गाई गाभडल्या होत्या, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. माझ्या आग्रहावरून ब्रुसेलाची रक्ततपासणी केली आणि ती जोरात पॉझिटिव्ह आली.

इथे मात्र जंतू जिवंत असतो आणि अँटिबायोटिक कामाला येतं. डॉक्सिसायक्लिन आणि सोबत दुसरं औषध, निदान सहा आठवडे. मध्येच सोडलं की आजार उलटतो. मणका धरला असेल तर उपचार याहून लांबतात.

गाई-म्हशींच्या फक्त मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदा लस टोचून घ्या. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात, २०१९ पासून, ती सरकारतर्फे देतात. ती लस जिवंत जंतूची असते. टोचताना सुई आपल्याच बोटाला लागली तर आम्हा लोकांनाही ब्रुसेलोसिस होतो. आमच्या व्यवसायात असं झालेले लोक मी पाहिलेत. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर "मी गुरं सांभाळतो, गाय गाभडली होती" हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा.

दूरदेशी | रविवार, सकाळी ७:५०

वारणाकाठ यांचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. मी अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये राहतो. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराला ज्याचं नाव मिळालं ते लाइम हे गाव माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

१९७५ च्या सुमारास या गावातल्या दोन आयांनी आरोग्य खात्याकडे तक्रार केली की आमच्या आणि शेजारपाजारच्या कितीतरी मुलांचे गुडघे सुजलेत. मुलांना लहान मुलांचा ऱ्हुमॅटॉइड असल्याचं सांगितलं गेलं होतं. तो आजार मुळात विरळा, मग एकाच रस्त्यावर इतकी मुलं कशी? त्यांच्यापैकी पॉली मरे या बाई वर्षानुवर्षं घरातल्या प्रत्येकाच्या लक्षणांची वही ठेवत होत्या. डॉक्टरांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नव्हतं. येल विद्यापीठातले अ‍ॅलन स्टिअर यांनी ते ऐकून घेतलं आणि घरोघर जाऊन शोध घेतला. १९७७ च्या त्यांच्या लेखात ५१ रुग्ण होते, ३९ मुलं आणि १२ मोठी माणसं. बहुतेक जंगलाच्या कडेला राहणारी. १९८२ साली विली बुर्गडॉर्फर यांनी हरणांवरच्या गोचिडीत मळसूत्री आकाराचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. तोपर्यंत ज्याला संधिवात म्हणत होते, तो महिनाभराच्या अँटिबायोटिकने बरा होणारा आजार निघाला.

सगळे मात्र बरे होत नाहीत. थोड्या रुग्णांचा गुडघा जंतू मेल्यावरही महिनोन्‌महिने सुजलेला राहतो. त्यांच्या सांध्यात जंतूच्या भिंतीचे तुकडे उरलेले सापडले आहेत, म्हणजे निशिगंधाताईंनी लिहिलं तेच. अशा वेळी इथले डॉक्टर अँटिबायोटिक थांबवून आरएची औषधं देतात.

भारतातले नातेवाईक मला फोन करून "आम्हालाही लाइम असेल का" विचारतात. अमेरिका किंवा युरोपात गोचीड चावलेली नसेल, तर त्या तपासणीवर पैसे घालवू नका. तुमच्या सांधेदुखीचं कारण तुमच्या आसपासच्या जंतूंत शोधा.

हिरवा_चाफा | रविवार, सकाळी ११:२०

आसपासचा जंतू म्हणाल तर तो टीबी. माझा अनुभव लिहिते.

दोन्ही घोटे, मनगटं, गुडघे सुजले. वजन उतरत होतं. आरएच्या दोन्ही रक्ततपासण्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, निगेटिव्ह; सूज दाखवणारा ईएसआर मात्र शंभरच्या वर. वेगवेगळ्या गोळ्या झाल्या, कशानेही सूज हलेना. एकदा केस विंचरताना मानेत एक गाठ हाताला लागली. ती दुखत नव्हती म्हणून मी कुणाला बोललेच नव्हते. डॉक्टरांना दाखवली, सुईने तपासली, गाठीत टीबी निघाला. सांध्यांत टीबी नव्हता, तिथलं पाणी स्वच्छ होतं. याला पोन्सेचा आजार म्हणतात. आंतोनिन पोन्से या फ्रेंच सर्जननी १८९७ साली त्याचं वर्णन केलं. शरीरात टीबी एका जागी आणि प्रतिक्रिया म्हणून सांधे सुजतात दुसऱ्याच जागी.

टीबीची औषधं सुरू झाली आणि काही आठवड्यांत मी परत चपात्या लाटायला लागले. सांध्यांसाठी वेगळं औषध लागलंच नाही. बारीक ताप, उतरणारं वजन, संध्याकाळचा घाम, मानेत-काखेत गाठ, घरात कुणाला टीबी, यांपैकी काहीही असेल तर आधी ते सांगा. माझ्यासारखं गप्प बसून राहू नका.

मीनल_ठाणे | रविवार, दुपारी ३:१०

सगळे प्रतिसाद वाचले. माझा प्रश्न थोडा अवघड आहे. मिस्टरांना आरए आहे, अँटी-सीसीपी खूप जास्त. मेथोट्रेक्सेट चालू आहे, पण ते त्या गोळ्यांना कंटाळलेत. त्यांना कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. त्यात मिनोसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक वर्ष-दोन वर्षं घेतलं की आरए मुळापासून जातो, कारण मुळाशी मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असतो, असं सांगितलंय. त्यांनी मेथोट्रेक्सेट बंद करायचं मनाशी ठरवलंय. मी काय सांगू त्यांना?

सांधेसोबती | रविवार, रात्री १०:३०

मीनलताई, मी संधिवाताचा डॉक्टर आहे. धागा कालपासून वाचतोय, आता राहवत नाही.

आधी त्या कल्पनेला तिचा मान देतो. अमेरिकेत थॉमस मॅकफर्सन ब्राउन हे डॉक्टर आयुष्यभर मांडत राहिले की आरए मायकोप्लाझ्मामुळे होतो. त्यामुळेच पुढे नीट चाचण्या झाल्या. १९९५ च्या चाचणीत २१९ रुग्णांना ४८ आठवडे मिनोसायक्लिन किंवा खोटी गोळी दिली. सांध्यांची सूज कमी झालेले ५४ टक्के विरुद्ध ३९ टक्के. म्हणजे फरक आहे, पण माफक. खोट्या गोळीवरही ३९ टक्क्यांना बरं वाटलं, हे लक्षात घ्या. "मला या गोळीने गुण आला" असं सांगणारी माणसं प्रामाणिक असतात, तरी त्यावरून औषध सिद्ध होत नाही ते यामुळेच. एक्स-रेवर दिसणारी हाडांची झीज मात्र मिनोसायक्लिनने थांबली नाही. शिवाय हे औषध जंतू मारतं तसंच सूजही थोडी दाबतं, कूर्च खाणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) अडवतं. त्यामुळे गुण आला म्हणजे जंतू होता असं म्हणता येत नाही. वर्षानुवर्षं घेतलं तर कातडीवर निळसर-करडे डाग पडतात, क्वचित ल्युपससारखा आजार होतो.

सलाझोपायरिन, म्हणजे सल्फासॅलझिन, हे आम्ही आजही देतो. स्वीडनच्या नाना स्वार्त्स यांनी ते आरएमागे जंतू आहे या समजुतीनेच घडवून घेतलं होतं, सल्फा आणि सॅलिसिलिक आम्ल जोडून. फ्रान्समध्ये १९२९ साली जॅक फोरेस्तिए यांनी आरएवर सोन्याच्या क्षाराची इंजेक्शनं वापरल्याचं प्रसिद्ध केलं, तेही टीबीवर सोनं चालतं या समजुतीतून. औषधं कामाला आली, समज मात्र टिकली नाही.

दुसरी बाजू दुखरी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-अमेरिकेत मोठमोठे डॉक्टर म्हणत की दातात, टॉन्सिलमध्ये लपलेलं इन्फेक्शन सगळ्या शरीराला पिडतं. संधिवात झाला की माणसाचे धडधाकट दात काढत, टॉन्सिल काढत. रसेल सेसिल या अमेरिकी डॉक्टरांनी आधी तेच केलं होतं. १९३८ मध्ये त्यांनी आरएच्या २०० रुग्णांचा हिशेब मांडला आणि दाखवून दिलं की दात-टॉन्सिल काढून सांध्यांना काही फायदा होत नाही. लाखो दात हकनाक गेले होते.

मिस्टरांना एवढंच सांगा. आरएमध्ये पहिली वर्षं सोन्याची असतात. सुरुवातीच्या काळात सूज आटोक्यात ठेवली तर हात सरळ राहतात. तो काळ अँटिबायोटिकच्या भरवशावर घालवला तर हाडाला पडलेला खड्डा परत भरत नाही. कंटाळा आला असेल, मळमळत असेल, तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. डोस त्याच दिवसात विभागता येतो, इंजेक्शन देता येतं, औषध बदलता येतं. आणि गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारीच. रोज घेतली गेली तर जीवावर बेतते.

शंकासुर | सोमवार, सकाळी ९:००

डॉक्टर, मग आरएमध्ये जंतूचा काहीच हात नाही असं समजायचं का? हिरड्यांबद्दल बरंच वाचायला मिळतं.

शुभ्रदंत | सोमवार, दुपारी १२:४०

हिरड्यांवर मी लिहिते, दंतवैद्य आहे.

हिरड्यांच्या जुनाट आजारात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस नावाचा जंतू दात आणि हिरडीमधल्या खोबणीत राहतो. त्याच्याकडे एक विकर आहे, जे प्रथिनांमधल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करतं. अँटी-सीसीपी तपासणीत मोजतात ती प्रतिपिंडं याच सिट्रुलिनवाल्या प्रथिनांवर तुटून पडतात. २०१६ मध्ये हिरड्यांमधल्या आणखी एका जंतूचं विष आपल्याच पांढऱ्या पेशींना तसली प्रथिनं भरमसाट तयार करायला लावतं असं दिसलं. ही प्रतिपिंडं सांधे दुखायच्या काही वर्षं आधीपासून रक्तात असू शकतात. म्हणजे पहिली ठिणगी सांध्याबाहेर पडत असावी, हिरडीत, धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसात किंवा आतड्यात. आतड्याचं म्हणाल तर २०१३ साली न्यू यॉर्कमधल्या संशोधकांना नव्याने आरए झालेल्या, अजून औषध न घेतलेल्या रुग्णांच्या आतड्यात प्रीव्होटेला कॉप्री हा जंतू जास्त आढळला.

हे दुवे खरे आहेत, पण साखळी पूर्ण जुळलेली नाही. हिरड्यांचा आजार असलेल्या बहुतेकांना आरए होत नाही. हिरड्यांचे उपचार केल्यावर आरएची तीव्रता थोडी उतरल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण त्या भरवशावर सांध्यांचं औषध थांबवावं असं काहीही हाती नाही.

माझ्या खुर्चीत आरएचे रुग्ण येतात तेव्हा मला वेगळीच अडचण दिसते. त्यांना ब्रशच धरता येत नाही. मूठ वळत नाही, जबड्याचा सांधा पुरता उघडत नाही. मग दात घासले जात नाहीत आणि हिरड्या आणखी बिघडतात. ब्रशच्या दांड्याला सायकलच्या मुठीचं रबर चढवून द्या, नाहीतर जुना रुमाल गुंडाळून जाड करा. सहा महिन्यांनी एकदा दात साफ करून घ्या. तंबाखू, मिश्री, बिडी बंद. यातून सांधे सुधारले तर उत्तमच, नाही सुधारले तरी दात राहतील.

निशिगंधा_प | सोमवार, सायंकाळी ६:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. घशाचा स्ट्रेप्टोकोकस राहून गेला होता, म्हणून लिहिते. शाळकरी मुलांचा घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर असं दुखणं फिरतं. सांधे काही दिवसांत पूर्ण बरे होतात म्हणून आईबाप निर्धास्त होतात, पण तोच संधिवाताचा ताप हृदयाची झडप कायमची बिघडवू शकतो. अशा मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. ते दुखतं, मूल रडतं, आजी म्हणते आता पुरे. कृपा करून थांबवू नका. इथे अँटिबायोटिक पुढचा झटका अडवतं.

आणखी एक. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यात भिगवणला संधिवाताची मोठी पाहणी झाली होती. तिथे आरए निघाला साधारण अर्धा टक्का लोकांना. अंग मोडून काम केल्याने, वयाने दुखणारी माणसं त्याच्या कितीतरी पट होती. त्यामुळे प्रत्येक दुखण्यामागे जंतू शोधायला जाऊ नका. सूज आहे का, सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास सांधे आखडलेले राहतात का, हे आधी बघा.

मीनल_ठाणे | पुढच्या शुक्रवारी, रात्री ८:४५

मिस्टरांना धागा वाचायला दिला. मेथोट्रेक्सेट थांबवलं नाही. डॉक्टरांकडे जाऊन मळमळीबद्दल बोललो, आता गोळीऐवजी इंजेक्शन सुरू केलंय. पुढे बायोलॉजिक लागू शकतं म्हणून त्यांनी छातीचा एक्स-रे आणि मांटू, म्हणजे टीबीसाठी हातावर टोचून करतात ती चाचणी, केली. हातावर जिथे टोचलं होतं तिथे लाल झालं, पण सिस्टरनी लालीकडे बघितलंच नाही. पेनाने दोन्ही बाजूंनी रेघ ओढत आणत जिथे फुगवटा लागला तिथे थांबल्या आणि पट्टीने मोजलं. १४ मिलिमीटर. एक्स-रे स्वच्छ आहे. आता डॉक्टर म्हणतात आधी टीबीचं औषध, मग बायोलॉजिक. टीबी झालेला नसताना हे औषध कशाला, असं मिस्टर विचारतायत.

सांधेसोबती | शुक्रवार, रात्री ११:१०

मीनलताई, योग्य चाललंय. मांटू पॉझिटिव्ह आणि एक्स-रे स्वच्छ, म्हणजे टीबीचा जंतू शरीरात निद्रिस्त असण्याची शक्यता आहे. आपल्या देशात असे कोट्यवधी लोक आहेत आणि बहुतेकांना त्याचा कधीच त्रास होत नाही. त्या जंतूभोवती पेशींचं कडं असतं. ते टिकवून धरण्यात टीएनएफ या रसायनाचा मोठा वाटा असतो, आणि आपली बरीच बायोलॉजिक नेमका टीएनएफच अडवतात. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅब हे असंच बायोलॉजिक घेणाऱ्यांमध्ये टीबी उफाळल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून ही तपासणी सगळीकडे सक्तीची मानतात. अशा रुग्णांत ५ मिलिमीटर फुगवटाही आम्ही पॉझिटिव्ह धरतो. सहसा प्रतिबंधक औषध निदान महिनाभर झाल्यावर बायोलॉजिक सुरू करतात. पण पुढेही ठरलेला कोर्स पूर्ण करायचा, मध्ये सोडायचा नाही.

एक काळजी जास्त घ्या. आयसोनियाझिड (टीबीचं प्रतिबंधक औषध) आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही यकृतावर येतात, त्यामुळे यकृताची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील त्या तारखेला करा, पुढे ढकलू नका. दारू अजिबात नाही. जेवण नकोसं झालं, उलटी आली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून आयसोनियाझिडबरोबर बी-६ ची गोळी लिहिलेली असते. ती साधं व्हिटॅमिन म्हणून वगळू नका.